औंढ्यातला माझ्या नावाचा बिल्ला

हिंगोली
१२ जून २०२३

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

काल तुला फोन केला तर तू गाडीवर होतास, वाऱ्यात काही ऐकूच येईना. म्हणून जुन्या सवयीनं लिहायला बसले. मी नांदेडच्या होस्टेलात होते तेव्हा तू म्हणायचास, फोनवर आपलं भांडण होतं, कागदावर होत नाही. ते खरंच आहे.

बातमी चांगली आहे. आमच्या हाडांच्या दवाखान्यात नवीन एक्स-रे मशीन येऊन राहिलं. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, "मुंबईच्या नियामक मंडळाकडं या मशीनची नोंदणी करायची आहे. रेडिएशन सुरक्षा अधिकारी म्हणून तुझं नाव देतो." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. भिंतीतून किरण बाहेर जातात का बघणं, दाराला शिसं आहे का बघणं, काम करणाऱ्यांच्या छातीवर डोस मोजायचा बिल्ला आहे का बघणं, सगळं आता माझ्याकडं. आपल्या हट्ट्यात कुणाला सांगितलं तर समजणार नाही, पण तुला समजल. जिल्ह्यातल्या निम्म्या दवाखान्यांची ही कामं तूच करून देतोस.

अडचण एकच झाली. पोर्टलवर माझं नाव टाकलं तर ते घेईना. मी आधीच एका ठिकाणी सुरक्षा अधिकारी आहे म्हणून दाखवतं. औंढा नागनाथला, मंदिराच्या रस्त्यावर एक एक्स-रे सेंटर आहे म्हणे, तिथं. डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. "दोन नोकऱ्या करतेस का गं?" म्हणाले. मला तर औंढा बसच्या खिडकीतून तेवढा माहीत आहे.

डिप्लोमा झाल्यावर माझी नोंदणी तूच केली होतीस. लॉगिनला मोबाइल नंबरही तुझाच आहे. तेव्हा आत जाऊन एकदा बघ. कुणाकडून तरी चुकून माझा नंबर पडला असल. तेवढं दुरुस्त करून दे.

आईला यातलं काही बोलू नकोस, ती उगीच घाबरती. वहिनीला जयभीम, लेकरांना पापा.

तुझी,
पल्लवी


वसमत
१९ जून २०२३

चि. पल्लवीस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं अक्षर बघून बरं वाटलं. सुरक्षा अधिकारी होणार म्हणतेस, तर आज तुझे बाबा, आमचे काका, पाहिजे होते. ते गेले तेव्हा तू दहावीला होतीस. सगळी भावकी म्हणत होती, पोरीला उजवून टाका. मी एकटा म्हणलो होतो, ही शिकल. आठवतं ना तुला?

औंढ्याचं मी बघितलं. काळजी करण्यासारखं काही नाही. हे पोर्टल म्हणजे एकाचं नाव दुसऱ्याला चिकटतं असंच चालतं. वरून दुरुस्ती व्हायला महिना-दीड महिना लागतो. तोवर डॉक्टरांना म्हण, माझा भाऊ याच कामात आहे, तो बघून घेईल. तू स्वतः मंडळाला मेल करू नकोस. एकदा मेल गेला की चौकशी लागते आणि नवीन माणसाच्या नावावर चौकशी लागणं चांगलं नसतं.

आणि औंढ्याला जाऊ नकोस. तिथला वैजनाथ शेठ जरा तिरपा माणूस आहे. मेडिकल दुकानाच्या मागं त्यानं ते सेंटर टाकलंय. मीच त्याच्याशी बोलतो.

रविवारी हट्ट्याला जमलं तर ये. तुझ्या वहिनीनं लोणचं घातलंय.

तुझा,
बुद्धभूषणदादा


हिंगोली
३ जुलै २०२३

दादा,

तू नको म्हणलास, तरी मी जाऊन आले. डॉक्टर रोज विचारत होते. मला वाटलं, त्या सेंटरवाल्याला समोर उभं राहून सांगावं, बाबा, मी तुझ्याकडं कामाला नाही, माझं नाव काढ. एवढ्यानं मिटल असं वाटलं.

मेडिकल दुकानाच्या मागं एक खोली आहे. बाहेर बाकडं. बाकड्यावर बाया, लेकरं, प्लास्टरवाली माणसं भिंतीला टेकून बसलेली. भिंत एका विटेची. दार साधं लाकडी, खालून फट. मी टेकलेल्या एका आजीला उठून पलीकडं बसा म्हणलं, तर ती म्हणली, "काहून? हितं गार लागतंय."

आतून एक मुलगी आली. दिपा नाव तिचं, जवळच्याच तांड्यावरची. बारावी झालेली आहे. मशीन तीच चालवती.

"कुणाचा फोटो काढायचाय?" तिनं विचारलं.

"फोटो नाही काढायचा. इथल्या सुरक्षा अधिकाऱ्याला भेटायचंय."

"त्या मॅडम हिंगोलीला असतात. रविवारी येतात."

"तू भेटलीस का त्यांना?"

"न्हाई. रविवारी मला सुट्टी ऱ्हाते."

तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी विचारत गेले, ती सांगत गेली. बटणं खोलीतच आहेत, प्लायवूडच्या एका फळीमागं. लहान लेकरू असलं की ते हलतं, म्हणून दिपा फळीमागून बाहेर येऊन त्याचे पाय धरून उभी राहती आणि दुकानातला माणूस बटण दाबतो. शिशाचा ॲप्रन नाही. बिल्ला एकच आहे, दुकानाच्या गल्ल्यामागं खिळ्याला लटकवलेला, आणि त्यावर माझं नाव आहे. "त्याला हात लावायचा न्हाई," दिपा म्हणली. "तीन महिन्याला तो तपासाया जातो." जाणारच, आणि येणारही स्वच्छ. खिळ्याला कुठला डोस लागतो?

दादा, तिला पाचवा महिना लागलाय.

मी म्हणलं, "तुला भीती नाही वाटत?" तर म्हणली, "वाटली होती. माझे घरचे मालक पण काम सोड म्हणून मागं लागले होते. मग शेठनं भिंतीवरचा कागद दाखवला. म्हणले, मोठ्या मॅडमनं खोली तपासून सही केलीय. मी घरी जाऊन सांगितलं, बाई माणसानं सही केलीय, ती आपल्यासारखीच आसंल, खोटी कशाला करंल?"

भिंतीवर तो कागद होता, काचेत. खाली माझी सही. मी केलेली नाही, पण माझीच. नोंदणीच्या अर्जावर केली होती तशी, 'वी'ची वेलांटी लांब गेलेली. तो अर्ज तुझ्याशिवाय कुणाकडं नव्हता.

मी तिला माझं नाव सांगितलं नाही.

हे चुकून चिकटलेलं नाव नाही. तू मला लिहिलंस ते खोटं होतं का? साधं व्हय-न्हाई लिही.

पल्लवी


वसमत
१० जुलै २०२३

चि. पल्लवीस,

तुझं पत्र वाचून तकलीफ झाली. पोलीस पाटलानं लिहावं तसं लिहिलंस.

व्हय. नाव मी टाकलं. आता पुढचंही ऐक.

कायद्यात लिहिलंय की प्रत्येक मशीनला शिकलेला सुरक्षा अधिकारी पाहिजे. बरोबर आहे. पण या भागात असे आहेत किती? औंढ्याच्या माणसाचा पाय मोडला तर त्यानं काय करावं? गाडी करून नांदेड गाठावं? तुला नियम दिसतो, मला तो पाय दिसतो. कागद पूर्ण नाही म्हणून मशीन बंद, आणि मशीन बंद म्हणून माणूस लंगडा, हे मी बघितलंय. सगळेच असं करतात. मी दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही, घरचं घेतलं. तुझ्यावर माझा हक्क आहे असं समजलो. तुझी फी भरायला, तुझ्या होस्टेलच्या मॅडमसमोर हात जोडायला गेलो, तेव्हा तू विचारलं नव्हतंस की दादा, हे कुठून करतोस?

तुझ्या नावाला आजवर काही झालंय का? बिल्ल्याचे रिपोर्ट सगळे चांगले आहेत.

सोबत एक कागद पाठवतोय. मागच्या वर्षीपासून तू त्या सेंटरवर रविवारी काम करतेस असं त्यात आहे. त्यावर सही कर. मग सही खरी होईल आणि मामला मिटेल. आठ-पंधरा दिवसांनी तुझं नाव तिथून रीतसर काढतो, हिंगोलीला टाकतो. शेठला सांगून दाराला शिशाचा पत्राही बसवून घेतो.

त्या पोरीशी परत बोलू नकोस. लहान लोकांच्या तोंडात गोष्ट राहत नाही.

दादा


हिंगोली
१५ जुलै २०२३

दादा,

'लहान लोक' हा शब्द तुझ्या हातून कागदावर आला, हे दोनदा वाचलं. आपल्याला कोण असं म्हणायचं ते तुला माहीत आहे.

कागद परत पाठवते आहे, सही न करता.

मी परवा पुन्हा औंढ्याला गेले आणि दिपाला सांगितलं की मीच ती पल्लवी, मी ही खोली कधी तपासली नाही, तू इथं उभी राहू नकोस. तिनं माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं. म्हणली, "मॅडम, आता आंगावर यायला लागलं तर सही नाही म्हणता का?" तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही. कागदावरच्या पल्लवीवर मात्र आहे.

तू मंडळाला स्वतः लिही. मी काही लिहिणार नाही, तुझी वाट बघते. तू लिहिलंस तर चूक म्हणून निघून जाईल. मी लिहिलं तर गुन्हा होईल. मला तुझ्यावर गुन्हा नको आहे. पण लवकर लिही, ती रोज त्या खोलीत जाऊन राहिली.

पल्लवी


वसमत
२१ ऑगस्ट २०२३

पल्लवीस,

शेवटी केलंस.

मुंबईची माणसं औंढ्याला येऊन गेली. मशीनला सील लावलं. वैजनाथ शेठनं माझं नाव सांगितलं, सांगणारच. मला नोटीस आली. तुलाही आली असल किंवा येईल.

'तुझी वाट बघते' असं लिहून मागून घाव घालायचा, हे तू कुठं शिकलीस? शिकवलं तर मीच सगळं होतं.

आता मला माझं घर बघणं भाग आहे. मी उत्तरात लिहून दिलंय की तुझा लॉगिन, तुझी सही तू स्वतःच्या राजीखुशीनं मला वापरायला दिली होती आणि औंढ्याचं तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. वकील म्हणाला, दुसरा मार्ग नाही. तू एकटी आहेस, शिकलेली आहेस, तुला दुसरं काम मिळल. माझ्यामागं तीन लेकरं आहेत.

रुक्माकाकूला मी जाऊन सांगितलं, तुमच्या लेकीनं घरच्या माणसाची तक्रार केली. तुझ्या आईला यात आणायचं नव्हतं, पण तू कुणाचा विचार केलास?

बुद्धभूषण


हिंगोली
२६ ऑगस्ट २०२३

दादा,

तक्रार मी केली नाही.

तक्रार रणजीतनं केली, दिपाच्या नवऱ्यानं. तो टेम्पो चालवतो. मी सांगितलेलं दिपाला खरं वाटलं नाही, पण तिनं ते घरी जाऊन सांगितलं, आणि त्याला ते खरं वाटलं. त्यानं मोबाइलवर खोलीचे, दाराचे, खिळ्यावरच्या बिल्ल्याचे फोटो काढले आणि मुंबईला पाठवले. परवा तो इथं दवाखान्यात आला होता. मला म्हणला, "तुमी शिकलेले लोक एकमेकाचं तोंड बघत बसता. माझी बायको तिथं उभी होती."

मी महिनाभर रोज पोस्टमनला विचारत होते, वसमतचं काही आलं का. तू लिहिशील असं मला खरंच वाटत होतं.

तुझ्या उत्तराची प्रत डॉक्टरांकडंही आली. त्यांनी मला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. नवीन मशीन तसंच खोक्यात आहे.

मी तुला वाचवायला गप्प बसले, आणि त्याच दिवसांत तू मला बुडवायचं लिहून काढलंस. तुझा गैरसमज झाला असं मी धरून चालते. आता खरं काय ते तुला कळलं. तेव्हा मंडळाला दुसरं पत्र लिही, की पहिलं चुकून लिहिलं. एवढंच मागते.

पल्लवी


वसमत
८ सप्टेंबर २०२३

पल्लवीस,

तुझं पत्र पोचलं. रणजीतचं मला माहीत नव्हतं. माझ्याकडून घाई झाली, हे मान्य करतो.

पण आता मागं येता येत नाही. वकिलाला विचारलं. तो म्हणतो, जबाब बदलला तर दोन्ही जबाब खोटे ठरतात आणि मग सहीचा मामला पोलिसात जातो. माझ्याकडं आणखी दोन-चार ठिकाणांची अशीच कामं आहेत, तीही उघडी पडतील. तुझं तसं नाही. तू एवढंच म्हण की मला नियम नीट माहीत नव्हते. नवीन मुलगी आहे म्हणून सोडून देतील. फार तर वर्षभर नाव बाद करतील.

वर्ष काय, निघून जातं. मी तुझ्यासाठी किती वर्षं काढली.

सुनावणीला आपण एकाच गाडीनं जाऊ. तुझं तिकीट काढू का ते कळव.

दादा


हट्टा
२९ नोव्हेंबर २०२३

श्री. बुद्धभूषण यांस,

तिकिटाचं तुम्हाला कळवलं नाही, कारण माझं मी काढलं होतं.

सुनावणी आपण दोघांनी एका टेबलासमोर ऐकली, पण नंतर तुम्ही निघून गेलात. पुढं काय झालं ते तुम्हाला वकिलाकडून कळलं असल. तरी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

माझा हजेरीपट, लॉगिनला जोडलेला तुमचा नंबर आणि तुमची जुलैतली व सप्टेंबरातली पत्रं मी त्यांच्यासमोर ठेवली. पत्रं द्यायची की नाही, हा विचार मी रेल्वेत सगळ्या वाटेनं केला. ती मला तुम्ही दादा म्हणून लिहिली होती. मग मनाशी म्हणलं, माझी सही तरी मी तुम्हाला कोण म्हणून दिली होती?

औंढ्याच्या सेंटरची नोंदणी रद्द झाली. मला लेखी समज मिळाली. आपला लॉगिन दुसऱ्याच्या हातात दिला, एवढा दोष माझा, आणि तो मी मान्य केला. माझं नाव तिथून निघालं. लॉगिनला आता माझा नंबर आहे. परत आल्यावर मी औंढ्याच्या पोलीस ठाण्यात लिहून दिलं की भिंतीवरची सही माझी नाही. तुम्हाला बोलावणं येईल. कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐका. यावेळी तक्रार मीच केली आहे.

दवाखान्यात मला परत घेतलं नाही. डॉक्टर वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "सुरक्षा अधिकारी म्हणून तुझं नाव लावलं तर लोक विचारतील." आखाडा बाळापूरला एका दवाखान्यात बोलणं चाललंय. तोवर मी हट्ट्याला आईजवळ आहे. तुमच्या घरची न् आमची भिंत एकच, त्यामुळं तुमची आई, माझी काकू, पलीकडं भांडी ठेवतात ते ऐकू येतं. त्या आता आवाज देत नाहीत. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणली, "त्यानं तुला शिकवलं, ते खरं हाय. तुझं नाव इकलं, तेबी खरं हाय. मी दोन्ही कुठं ठिवू?" तुम्हाला सांगता आलं तर तुम्ही सांगा तिला.

दिपाला मुलगी झाली. मी बघायला गेले होते. बाळ बघायला चांगलं आहे, वजन भरलं. मी नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, बहुतेक काही होणार नाही. दिपानं विचारलं, "बहुतेक म्हंजे? माझ्या आंगात किती गेलं ते मोजलं आसंल ना?" मला सांगावं लागलं, की मोजायचा बिल्ला खिळ्याला होता. तिनं बाळाला पदराखाली घेतलं आणि मला बस म्हणली नाही. रणजीतनं मला रस्त्यापर्यंत सोडलं. मी निघताना तो म्हणला, "तुमी आलात हे बरं केलं. पण परत येऊ नका. तिला झोप लागत न्हाई मग."

लेकरू मोठं होताना दिपा दर सर्दीला, दर तापाला हेच विचारत बसेल, आणि तिला कुणाकडंच उत्तर मिळणार नाही.

मुंबईचं एक राहिलं. सुनावणीच्या आधी आपण बाहेर बाकावर बसलो होतो. तुम्ही मला म्हणालात, "चहा घेतेस का?" मी घेतला नाही, पण मला वाटलं, आत गेल्यावर हा खरं बोलल. आत त्या साहेबांनी तुम्हाला विचारलं, "या बाई तुमच्या कोण?" तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "गावातली मुलगी आहे. तोंडओळख आहे."

तुम्ही गेल्यावर त्यांनी तेच मला विचारलं. मी म्हणलं, "माझा चुलतभाऊ आहे. मला यानंच शिकवलं."

पल्लवी